मुंजाच्या पिंपळाखाली खाकरण्याविषयी

प्राचार्य यावलकर असोद्याच्या मुंजाच्या पिंपळाखालून पळाले. भर दुपारी पळाले, आणि एकाच पायात बूट घालून पळाले.

वरचं वाक्य वाचलं असेल तर वाचलं नाही असं समजावं. प्राचार्य पळाले नाहीत. तसा गावाचा ठराव आहे, ठरावाला अनुमोदन आहे, आणि हात वर करणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा जिथे अजून कोणीच कुठेही पळालेलं नाही, तिथपासून सुरुवात करू.

आमच्या असोद्याचे कौतिक सीताराम नारखेडे इंदूरला एका कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. खानदेशात तत्त्वज्ञान कमी आहे असं नव्हे. अमळनेरला त्याचं मंदिरच आहे. पण तत्त्वज्ञानाचा पगार घेणारा माणूस आमच्या गावात हा पहिलाच. गावाला त्यांचा फार अभिमान. ते नेमकं काय शिकवतात हे कोणालाच कळत नसल्यामुळे अभिमानाला कुठे अडथळाही नव्हता. केळीच्या भावावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसं सरांचं नाव निघालं की खाली बसत आणि म्हणत, "आपला कौतिक म्हंजे लय पुढचं पाह्यतो." किती पुढचं, ते कोणी विचारत नसे.

मी वना. त्याच गावचा, त्याच कॉलेजात त्यांचा विद्यार्थी, आणि तर्कशास्त्रात दोनदा नापास. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याकडे कोणी तर्क मागणार नाही.

इतर प्राध्यापक ब्रह्म, आत्मा, सत्य असल्या बागायती विषयांवर लिहीत. सरांनी पडीक जमीन धरली. बरीच वर्षं खपून त्यांनी प्रबंध लिहिला, 'भय आणि नीती'. माणूस भुताला भितो तेव्हा त्याचं कर्तव्य काय, हा विषय. कॉलेजातले लोक त्यांना पाठीमागे 'भुतांचे प्रोफेसर' म्हणत आणि मग स्वतःच हसत. सर हसत नसत आणि रागावतही नसत. ते म्हणत, "एकदा विद्यापीठाने शिक्का मारला, की पुढच्या माणसाला हा विषय न हसता बोलता येईल. मला पदवी त्यासाठीच हवी."

प्रबंधाची चार प्रकरणं. पहिल्यात म्हटलं होतं, की भूत आपल्याला मारील म्हणून माणूस भीत नाही. मारायला तर बैलही मारतो. समोर कोणीतरी आहे, त्याचाही काही हक्क आहे, आणि त्याच्याशी वागायची रीत आपल्याला माहीत नाही, याचं नाव भय. दुसऱ्यात होतं, की रीत सापडली की भय जातं आणि तिथे नीती सुरू होते. तिसऱ्या प्रकरणात पुरावा होता. पुरावा म्हणजे आमचं गाव.

गावाबाहेर नथ्थूआबांच्या केळीच्या बागेला लागून एक विहीर आहे आणि विहिरीवर पिंपळ आहे. त्या पिंपळावर मुंजा. मुंज झाली, पण लग्नाच्या आधीच गेलेलं कोणाचं तरी पोर. कोणाचं, हे आता कोणाला आठवत नाही, त्यामुळे ते सगळ्यांचंच झालेलं आहे. दुसऱ्या गावांत मुंजा माणसांना धरतो, झपाटतो, नारळ मागतो. आमचा तसलं काही करत नाही. आमच्या गावची रीत अशी, की पिंपळाखालून जाण्याआधी चार पावलं अलीकडे थांबायचं आणि खाकरायचं. परक्या घरात शिरण्याआधी दारात उभं राहून खाकरतात ना, तसं. मग जायचं. कारण दुपारी ते पोर झोपलेलं असतं. एकदम कोणी आलं तर दचकेल.

म्हणजे भुताने आम्हाला घाबरवू नये म्हणून नव्हे, भूत घाबरू नये म्हणून आम्ही खाकरतो. सरांच्या आई झुंबराक्कांना कोणी खोदून विचारलं, तर त्या म्हणत, "लेकरू हाये ते. आपन मोठे. आपल्यालेच समजाले पाह्यजे." सरांचं तिसरं प्रकरण जवळजवळ एवढंच होतं. फक्त त्याला दीडशे पानं लागली होती, कारण झुंबराक्कांना विद्यापीठात कोणी ओळखत नव्हतं.

चौथं प्रकरण साक्षीदाराचं. दुसऱ्या माणसाची भीती ज्याने पाहिली, त्याने काय करावं? सरांचं म्हणणं होतं, झाकावी. उघड्या पडलेल्या माणसावर पांघरूण घालतो, तशी. हे प्रकरण सगळ्यांत लहान होतं आणि वाचताना मी ते सोडून दिलं होतं. परीक्षेला येईल असं वाटलं नव्हतं.

प्रबंध तपासायला गेला तो धुळ्याच्या प्राचार्य यावलकरांकडे. निवृत्त गृहस्थ, नाकासमोर चालणारे, वागायला चोख. वाईट माणूस नव्हे. फक्त ते कोणालाच भीत नसत, आणि अशा माणसाबरोबर जेवायला बसणंसुद्धा अवघड असतं. त्यांनी कळवलं की पहिली दोन प्रकरणं बुद्धीला पटतात, पण तिसरं ऐकीव आहे. "मी स्वतः येतो. त्या झाडाखालून न खाकरता जातो. मला काहीही वाटलं नाही, तर रीत मोडल्याने भय उपजतं हे तुमचं म्हणणं पडलं. तिसरं प्रकरण पडलं तर प्रबंध पडला."

सरांनी उलट टपालाने लिहिलं, "अवश्य यावे."

१९३९ सालची गोष्ट. प्राचार्यांनी दिवस निवडला तो नेमका आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. गाव भरलेलं. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, घरोघरी पितरांच्या घागरी भरून ठेवलेल्या, खापरावर मांडे चाललेले, आणि पुरुष मंडळी मारुतीच्या पाराआड पत्ते कुटत बसलेली. अशा सणाला आमचं गाव देवासाठीसुद्धा हातचं काम सोडत नाही. परीक्षकासाठी सोडलं.

आदल्या दिवशी सरांच्या ओट्यावर आमची बैठक बसली. आमचं म्हणजे माझं आणि नथ्थूआबांचं. नथ्थूआबा गावचे पोलीस पाटील. बेत साधा होता. पिंपळाची खालची फांदी, एक पांढरं धोतर आणि धोतरात कोणीतरी.

"म्या बसतो फांदीवर," नथ्थूआबा म्हणाले.

"आबा, तुम्ही पोलीस पाटील!"

"म्हनूनच त म्हनतो. मांगून पंचनामा व्हईन, तोबी मीच करीन. बाहेरचा मानूस आनाले नको."

झुंबराक्का आतून मांड्याचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आल्या. "लेकराच्या झाडावर चढता? एवढे मोठे घोडे झाले! त्याले काय वाटीन?"

"आक्का, तुमच्या पोराच्या भल्यासाठीच ना!"

"माह्या पोराचं भलं त्या पोराच्या डोक्यावर बसून करू नका."

तेवढ्यात सर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आबा, असं नाही करायचं."

"काबरं?"

"मुद्दाम कोणाला भीती घालणं म्हणजे चोरी. माणसाचं शहाणपण त्याला न विचारता काढून घ्यायचं."

"अन् तो तुह्या इतक्या वर्साचा परबंध काढून घेऊन राह्यला, त्याचं काय?"

"ते तो विचारून घेतोय, आबा."

 नथ्थूआबांनी धोतराची घडी केली आणि ते एवढंच म्हणाले, "शिकलेल्या मानसाचं भलं करनं लय कठीन."

मग सरांनी गावाला निरोप पाठवला. उद्या दुपारी पिंपळाच्या वाटेवर कोणी दिसता कामा नये. परीक्षकांना एकांत मिळाला पाहिजे, नाहीतर परीक्षा खोटी ठरेल. गावाने निरोप अक्षरशः पाळला. दिसता कामा नये असं सांगितलं होतं. असता कामा नये असं कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आत सगळं असोदा नथ्थूआबांच्या केळीत बसलं होतं. बायका, बाप्ये, पत्ते हातात तसेच धरलेले, एकीच्या कडेवर पोर, पोराच्या तोंडात मांड्याचा तुकडा. एवढी माणसं आणि एक पान हललं नाही. आमच्या गावात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. सर बांधाच्या टोकाला उभे होते. त्यांना केळीतली मंडळी दिसत होती. त्यांनी कपाळावर हात मारला, पण आता कोणाला उठवलं असतं तर सगळेच दिसले असते.

जळगाव स्टेशनावरून हारुनचा टांगा आला. हारुन आमच्या वाटेवरचा जुना टांगेवाला. प्राचार्य उतरले. अंगात कोट, हातात छत्री, पायात चकाकते बूट. खानदेशातल्या वैशाखात कोट घालणारा माणूस खरोखरच कोणाला भीत नसावा.

हारुन म्हणाला, "साब, थोडं खाकरा आन् मग जा. खाकरायला काय तिकीट पडतं का?"

"मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आहे."

"माझा घोडा नाय शिकला साब, तरी हितं आला की फुरफुरतो."

घोडा फुरफुरला. प्राचार्यांनी घोड्याकडे, नापास विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहिलं. ती नजर मला पाठ आहे.

ते चालू लागले. ऊन असं की वाट पांढरी दिसत होती. विहिरीवर मोट उभी, पाटात थोडं पाणी, लांब कुठेतरी होला घुमायचा तो तेवढा. पिंपळ चार पावलांवर आला. इथे थांबायचं असतं. प्राचार्य थांबले नाहीत. त्यांनी ओठ घट्ट मिटले, मान ताठ केली आणि सावलीत पाय टाकला.

आता केळीत काय चाललं होतं ते सांगतो. कोणाच्याही मनात प्रबंध नव्हता. हे मी छातीला हात लावून सांगतो, कारण माझ्याही नव्हता. सगळ्यांना काळजी एकच, की पाहुणा न खाकरता जातोय, आणि वर पोर निजलंय. दुसऱ्याच्या पोराने आपल्या घरात भांडं पाडलं तर आपणच पुढे होऊन उचलतो ना? तसं झालं. पाहुणा रीत पाळत नाही, तर त्याच्या वतीने आपण पुरी करावी.

पहिल्या झुंबराक्का खाकरल्या. हळूच, पदराआडून. मग नथ्थूआबा खाकरले. त्यांचं खाकरणं सरकारी, त्याला दम होता. मग माझ्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, मग मी, आणि मग आवरेच ना. एका दमात सगळी बाग खाकरली.

तुम्ही असं समजा. रणरणती दुपार आहे. मैलभर चिटपाखरू नाही. तुम्ही एकटे आहात, आणि तुमच्या उजव्या हाताची सबंध हिरवी बाग एकदम घसा साफ करते.

यानंतर प्राचार्यांनी काय केलं नाही, ते क्रमाने सांगतो. ते "अगं आई गं" असं ओरडले नाहीत. त्यांच्या हातातली छत्री आपोआप उघडली नाही आणि विहिरीत गेली नाही. त्यांनी धोतराचा सोगा दातात धरून पाट ओलांडला नाही. ओलांडताना त्यांचा डावा बूट चिखलात रुतला नाही, आणि तो मागे ठेवून ते नथ्थूआबांच्या बांधावरून, हरभऱ्याच्या मोकळ्या वावरातून, वाटेचा मोठा वळसा वाचवत आले नाहीत. ते टांग्यात घोड्याच्या बाजूने चढले नाहीत. तेव्हा घोडा रीतीप्रमाणे फुरफुरला, त्याने दचकून ते दुसऱ्या बाजूने उतरले नाहीत, आणि चाकाजवळ त्यांचा पाय मुरगळला नाही.

केळीत हसू फुटलं. पानं हलली. कोणीतरी पदर तोंडात कोंबला. इतक्यात बांधावरून सर वळले आणि त्यांनी आमच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. हसू जिथल्या तिथे विझलं. वर्गात त्यांनी तसं कधी पाहिलं असतं, तर मी तर्कशास्त्रात पास झालो असतो.

ते टांग्यापाशी गेले. मी मागोमाग. प्राचार्य चाकाला धरून उभे होते, एक पाय मोज्यावर. चेहरा पांढराफटक. ते म्हणाले, "ऊन फार आहे."

"वैशाख आहे, साहेब," सर म्हणाले. "जमीन भाजते." त्यांनी आपल्या पायातल्या वहाणा काढल्या आणि प्राचार्यांच्या पुढ्यात ठेवल्या. "या घाला."

प्राचार्यांनी उरलेला बूट काढला आणि वहाणा घातल्या. टांगा गेला. सर अनवाणी गावाकडे निघाले. त्या जमिनीवर अनवाणी माणूस उड्या मारत जातो. सर चालत होते.

मला राहवेना. "सर! झालं! सिद्ध झालं! रीत मोडली आणि भय उपजलं. पहिलं प्रकरण, दुसरं, तिसरं, सगळं जसंच्या तसं! अख्खं गाव साक्षीला आहे. प्राचार्य कसे प..."

"काय पाहिलंस तू, वना?"

"सर, सगळ्यांनीच पाहिलं."

"तीच तर अडचण आहे," सर म्हणाले. "आता चौथं प्रकरण सुरू झालंय."

मी ते वाचलं नसल्यामुळे मला काही कळलं नाही.

तोंडी परीक्षा मुंबईला विद्यापीठात व्हायची होती. पण प्राचार्यांचा घोटा सुजल्यामुळे परीक्षक मंडळाचे अध्यक्षच धुळ्याला आले. पळालेल्या माणसाचा घोटा सुजतो हे ठाऊक होतं, न पळालेल्याचाही सुजतो हे वैद्यकाला नवीन असावं. एका वकिलांच्या बंगल्यात बैठक होती. आम्ही जळगावहून चाळीसगावला गाडी बदलून धुळ्यात उतरलो. सरांनी नवीन टोपी घातली होती आणि नव्या वहाणा, त्या करकरत होत्या.

दारावरचा शिपाई हिलाल आतल्या मंडळींकडे बोट दाखवून अहिराणीत म्हणाला, "मझार बठ्ठा बसेल शेतस. तुम्ही भूतवाला मास्तर का?"

"हो," सर म्हणाले. "मीच." आणि आत जाण्याआधी दाराशी थांबून खाकरले. सवय.

अध्यक्ष मोठा विद्वान माणूस. पांढऱ्या मिशा, बोलणं कमी. कोपऱ्यात यावलकर, पाय स्टुलावर. मला मागच्या बाकावर बसू दिलं, साक्षीदार म्हणून. गावाने मला पढवून पाठवलं होतं. विचारलं तर सगळं सांग, नाही विचारलं तरी सांग.

अध्यक्षांनी विचारलं, "मुंजा आहे की नाही, याबद्दल तुम्ही एकही ओळ लिहिलेली नाही. जो नसेलच, त्याचं आपण काय देणं लागतो?"

सर म्हणाले, "आखाजीला आम्ही पितरांची घागर भरतो. पितर पाणी पितात की नाही हे कोणी घागरीत वाकून पाहत नाही. पाहिलं तर ते देणं राहत नाही, हिशेब होतो. मुंजा नसला तरी त्याच्यासाठी थांबलेला माणूस खरा आहे. त्या थांबण्याला मी नीती म्हणतो."

अध्यक्षांनी मिशांवरून हात फिरवला.  मग म्हणाले, "मी आजवर पुष्कळ प्रबंध पाहिले. हा वाचताना मी रात्री दिवा घेऊन अंगणात गेलो होतो. काय पाहायला, ते मलाच कळलं नाही." मी मागच्या बाकावर असा फुगलो, की माझ्या सदऱ्याची गुंडी तुटली. अजून लावलेली नाही.

मग त्यांनी यावलकरांचा अहवाल उचलला आणि वाचला. "स्थळ समक्ष पाहिले. खाकरलो नाही. काही वाटले नाही. शांतपणे परत आलो."

 यावलकर स्वतःच्या घोट्याकडे पाहत होते.

"नारखेडे," अध्यक्ष म्हणाले, "हा अहवाल खरा असेल तर तुमचं तिसरं प्रकरण उभं राहत नाही, आणि नियमाप्रमाणे मला प्रबंध नाकारावा लागेल. तुम्ही त्या वेळी तिथे होतात. तुमची काही हरकत आहे?"

मी उठलो. अर्धा उठलो असेन, तोच सर मागे न वळता म्हणाले, "वना, बस."

मी बसलो.

यावलकरांनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, अगदी त्या दिवशी वहाणा पुढे ठेवताना पाहिलं होतं तसं, आणि अध्यक्षांना म्हणाले, "ऊन फार होतं, साहेब. माझी हरकत नाही."

"तुम्हाला कळतंय ना, काय म्हणताय ते?"

"हो, साहेब. चौथ्या प्रकरणात लिहिलं आहे."

अध्यक्षांनी चौथं प्रकरण काढलं. ते छोटं आहे. त्यांनी ते तिथेच वाचलं, मग यावलकरांच्या घोट्याकडे पाहिलं, मग सरांकडे. माझी खात्री आहे, त्यांना सगळं कळलं. पण चौथ्या प्रकरणाची गंमतच ही, की ते ज्याला कळतं त्याला बोलता येत नाही. त्यांनी प्रबंध नाकारल्याची सही केली. सही करताना ते उभे राहिले होते.

बाहेर व्हरांड्यात आम्ही बसलो होतो. सर टोपी झटकत होते. थोड्या वेळाने आतून काठीचा आवाज आला आणि उंबऱ्याच्या आतच थांबला. मग कोणीतरी खाकरलं. सवय नसलेलं, अवघडलेलं, पहिल्यांदा खाकरणाऱ्याचं खाकरणं. सर उठून उभे राहिले. यावलकर बाहेर आले, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या जुन्या वहाणा त्यांनी सरांच्या हातात दिल्या, आणि लंगडत आत गेले.

गाडीत मी विचारलं, "सर, तुम्ही खोटं बोललात."

"मी म्हणालो ऊन फार होतं. नव्हतं?"

"आणि हरकत नाही म्हणालात!"

"नव्हतीच."

"पण सर, हे बरोबर कसं?"

"वना," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू दोनदा नापास का झालास ते मला आता नीट कळलं. मी एकदाच झालो. अजून तुझ्या पुढे मी नाही."

जळगावला हारुन टांगा घेऊन उभा. निकाल ऐकून त्याने भाडं घेतलं नाही. म्हणाला, "पास झाले असते तर डबल घेतलं असतं." गावाच्या शिवेवर माणसं जमली होती, डफ होता, झुंबराक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सरांनी घडलं ते काही सांगितलं नाही. ते काम मी केलं. 'वना, बस' पर्यंत आलो तेव्हा नथ्थूआबांनी फेटा काढून पुन्हा बांधला, उगाच.

"तालुक्यात पास झालेले ढीगभर हायेत," ते म्हणाले. "असा नापास झालेला एकच. अन् तो आपला!"

नापास माणसाची मिरवणूक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पिंपळाजवळ आली तेव्हा डफ थांबला, सगळं गाव खाकरलं, आणि मग डफ पुन्हा सुरू झाला.

त्याच दिवशी पारावर सभा भरली. चौथं प्रकरण मी मोठ्याने वाचलं. आता मात्र पूर्ण वाचलं. मग ठराव झाला, की ज्या अर्थी त्या दुपारचं साक्षीदार अख्खं गाव आहे, त्या अर्थी झाकायची जबाबदारीही गावाची आहे. सबब प्राचार्य पळाले नाहीत. ठराव एकमताने पास. असोद्यात एकमताने पास झालेला हा आजवरचा एकच ठराव. मुंजाकडून हरकत आली नाही.

सभेने मला विद्यापीठाला एक अर्ज लिहायला सांगितला. तो मी लिहिला, सगळ्यांनी सह्या आणि अंगठे केले, आणि तो गेला. तो असा:

मेहेरबान रजिस्ट्रार साहेब यांचे सेवेशी. मौजे असोदा, तालुका जळगाव, जिल्हा पूर्व खानदेश येथील समस्त रहिवाशांचा विनंती अर्ज ऐसा की, आमच्या गावचे श्री. कौतिक सीताराम नारखेडे यांचा प्रबंध आपण नाकारलात, त्याबद्दल आमची तक्रार नाही, त्यांचीही नाही. आमच्या पाटात सापडलेला डाव्या पायाचा एक बूट पिंपळाच्या पारावर सुरक्षित ठेवला आहे. तो कोणाचाही नाही. त्यावर शनिवारी कोणीतरी फूल वाहते, ते बंद करण्याची तजवीज चालू आहे. तरी मेहेरबान होऊन विद्यापीठाच्या नियमांत पुढील कलम दाखल करण्यात यावे: यापुढे कोणाचाही प्रबंध तपासण्यास घेताना परीक्षकाने पहिले पान उघडण्याआधी थोडे थांबावे आणि एकदा खाकरावे. आत कोणी असू शकते. कळावे, ही विनंती.